मुलांना रेनेसान्सची गोडी कशी लावायची: आधी हात रंगू द्या, नावं नंतर

मुलांना रेनेसान्सबद्दल सांगायचं म्हटलं की आपल्यातले बहुतेक जण मोनालिसापासून सुरू करतात, मग लिओनार्दो, मग मायकेलअँजेलो, मग राफाएल, कोण कधी जन्मला कधी गेला, आणि इतिहासाच्या पुस्तकात प्रबोधनकाळाचा जो धडा असतो त्याचीच लांबलचक आवृत्ती घरी तयार होते. पोरं दहा मिनिटांत कंटाळतात आणि आपण म्हणतो की विषयच त्यांच्या वयाचा नाही. मला हे अजिबात पटत नाही. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपात मुलांना आवडेल असं इतकं काही आहे की वेळ पुरत नाही, फक्त सुरुवात मोठ्या माणसांच्या नावांनी नको. तेव्हाची मुलं काय खेळायची, काय खायची, कितव्या वर्षी कामाला लागायची आणि ही चित्रं हातानं नक्की बनायची कशी, इथून सुरू करा. नावं आपोआप पाठ होतात, खरंच होतात.

मी आमच्या बिल्डिंगमधल्या सहा ते चौदा वर्षांच्या पोरांबरोबर सुट्टीत हे करते, त्यातून जे जमलं ते लिहितेय. सामान फार लागत नाही. प्रिंटआउट, पेन, कागद, थोडी माती, अंडी.

पहिलं चित्र: पीटर ब्रूगेलचं "मुलांचे खेळ"

हे १५६० सालचं चित्र आहे, आज व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे आणि ऑनलाईन भरपूर झूम करता येईल अशा साईझमध्ये बघायला मिळतं. एक मोठा चौक, त्यात दोनशेच्या वर मुलं आणि साधारण ऐंशी वेगवेगळे खेळ. इटलीतलं नाही, ब्रूगेल उत्तरेकडचा, आत्ताच्या बेल्जियम-नेदरलँड्सच्या भागातला, पण पहिलं चित्र म्हणून याच्यासारखं दुसरं नाही असं माझं ठाम मत आहे. कारण मुलांना यात काही समजावून सांगावंच लागत नाही.

मोबाईलवर दाखवू नका, लॅपटॉप किंवा टीव्हीवर लावा, किंवा जवळच्या प्रिंटिंगवाल्याकडून ए थ्री साईझचा कलर प्रिंट काढून आणा. मग एवढंच सांगा की यातले तुम्हाला येणारे खेळ शोधा. आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे कारण आपल्याला सारखं सांगावंसं वाटतं. डाव्या कोपऱ्यात खाली दोघी जणी हाडांचे तुकडे वर उडवून झेलताहेत, आमच्याकडे ते बघून एका मुलीची आजीच म्हणाली की अगं हे तर सागरगोटे, आणि मग आजीने खरेच सागरगोटे आणून दाखवले, त्या दिवशी चित्र बाजूला राहिलं आणि तास तिथेच संपला, आणि ते अगदी बरोबर झालं. आंधळी कोशिंबीर सापडते, भोवरा सापडतो, चाक काठीने पळवणारी पोरं अगदी पुढेच आहेत, एकमेकांच्या पाठीवरून उड्या मारणारी आहेत, उंच काठ्यांवर चालणारा आहे. उजव्या कोपऱ्यात एक मुलगी वीट घासून लाल भुकटी करतेय, दुकान-दुकान खेळतेय. हिला नीट लक्षात ठेवा, तिचा पुढे उपयोग आहे.

मग प्रश्न विचारा. यात मोठी माणसं किती दिसतात? (जवळजवळ नाहीतच.) कपडे कसे आहेत? मुलं मोठ्यांचेच कपडे छोट्या मापात घातल्यासारखी दिसतात. बरेचसे चेहरे हसरे नाहीत, असं का असेल? याचं पक्कं उत्तर कुणाकडेच नाही आणि मुलांना तेच फार आवडतं, की मोठ्यांनाही माहीत नाही अशा गोष्टीवर आपण बोलू शकतो.

साईझ

हे झटपट होणारं आहे पण सोडू नका. पुस्तकात सगळी चित्रं पोस्टकार्डाएवढी दिसतात त्यामुळे मुलांच्या डोक्यात मोनालिसा आणि लिओनार्दोचंच लास्ट सपर, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र, एकाच मापाची असतात. मोनालिसा ७७ बाय ५३ सेंटीमीटर, वर्तमानपत्र जोडून कापा आणि भिंतीला लावा, एवढीशीच का म्हणून पोरं नाराज होतात. मग खाली पार्किंगमध्ये खडूने लास्ट सपर आखा, साधारण ४.६ मीटर उंच आणि ८.८ मीटर रुंद, मिलानमधल्या एका मठाच्या जेवणघराची अख्खी भिंत ती. मग मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, ५.१७ मीटर, टेपने मोजून आखा आणि सगळ्यांना त्याच्या शेजारी एकेक करून झोपवा. मुलं किती लांबीची भरतात ते बघून त्यांनाच कळतं की हे संगमरवराच्या एका दगडातून काढायचं म्हणजे काय. तो दगड आधी दुसऱ्या शिल्पकारांनी सुरू करून सोडून दिला होता आणि कित्येक वर्षं तसाच पडून होता, १५०१ मध्ये मायकेलअँजेलोने हातात घेतला आणि १५०४ मध्ये संपवला.

रंग स्वतः बनवा

माझ्या मते अख्ख्या विषयाचा जीव इथे आहे, इथे घाई करू नका, एक पूर्ण दुपार द्या.

तेव्हा रंगाची ट्यूब विकत मिळायची नाही. माती, दगड, झाडं, किडे यांची पूड करायची, वाटायची, आणि ती लाकडाला किंवा भिंतीला धरून राहावी म्हणून कशात तरी कालवायची. तेलरंग चांगले रुळायच्या आधी इटलीत लाकडी फळीवरच्या चित्रांसाठी अंड्याचा पिवळा बलक वापरायचे. आता ब्रूगेलच्या चित्रातली ती वीट घासणारी मुलगी आठवून द्या, ती जे खेळ म्हणून करतेय तेच काम रंगाऱ्यांकडची उमेदवार पोरं दिवसभर करायची.

आपल्याकडे गेरू मिळतो, पिवडी म्हणजे पिवळी माती मिळते, कोळसा आहे, पांढऱ्यासाठी खडू. हळद चालते पण उजेडात काही दिवसांत उडते, ती मुद्दाम वापरा आणि अर्धा कागद झाकून खिडकीत ठेवा म्हणजे उडताना दिसेल. रांगोळीचे तयार रंग मात्र नको, त्यात काय मिसळलंय कळत नाही आणि पूड नाकात जाते. सगळं खलबत्त्यात कुटून मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या आणि थोड्या पाण्यात पेस्ट करून ठेवा. कुटण्याचं काम लहान मुलांना द्या, ती कंटाळेपर्यंत कुटू द्या, कंटाळली की सांगा की तेव्हाच्या मुलांना कंटाळा आला तरी सुट्टी नव्हती.

अंडं फोडून पांढरं काढून टाका, बलक एका तळहातावरून दुसऱ्यावर अलगद फिरवा, मधे मधे हात पुसत राहा म्हणजे वरचा ओलसरपणा जातो, मग बलकाची पातळ त्वचा चिमटीत धरून वाटीवर लटकवा आणि खालून टाचणीने टोचा. आतला पिवळा रस वाटीत पडतो आणि त्वचा चिमटीत राहते. हे करताना दोन-तीन अंडी फुटणारच, जास्तीची आणून ठेवा. त्या रसात तेवढंच पाणी, आणि मग रंगाची पेस्ट आणि हे मिश्रण साधारण निम्मं-निम्मं. हातांना कच्चं अंडं लागतं म्हणून शेवटी साबणाने हात धुवायचे, तोंडात बोटं घालायची नाहीत, हे आधीच सांगून ठेवा.

गुळगुळीत कागदावर हा रंग नीट धरत नाही, हँडमेड पेपर किंवा माउंट बोर्ड घ्या. मुलांना सवय असते वॉटरकलरची, ती ओल्यात ओलं मिसळायला जातात आणि वैतागतात कारण हा रंग बघता बघता वाळतो. मग दाखवा की बारीक ब्रशने शेजारी शेजारी रेघा मारायच्या, एकावर एक, आणि छटा त्या रेघांतूनच तयार होते. हे एकदा हाताने केलं की बॉतिचेल्लीच्या कुठल्याही चित्रातला चेहरा झूम करून दाखवा, त्यांना रेघा दिसतील. त्याआधी दाखवलं असतं तर दिसल्या नसत्या.

चेन्निनो चेन्निनी नावाच्या चित्रकाराने १४०० च्या आसपास कारागिरांसाठी जे हस्तपुस्तक लिहिलं त्यात तो सांगतो की तरुण माणसांच्या चेहऱ्याला शहरातल्या कोंबडीच्या अंड्याचा बलक घ्या कारण तो फिका असतो, आणि म्हाताऱ्या किंवा सावळ्या चेहऱ्यांना गावाकडच्या कोंबडीचा, तो जास्त लालसर असतो. गावठी आणि पोल्ट्रीचं अशी दोन्ही अंडी शेजारी शेजारी फोडून बघा, सहाशे वर्षांपूर्वीच्या माणसाचं म्हणणं स्वयंपाकघराच्या ओट्यावर तपासून बघता येतं, याहून भारी इतिहासाचा तास मला तरी माहीत नाही.

ज्यांच्या घरी अंडं चालत नाही त्यांनी अजिबात मागे राहायचं कारण नाही. त्या काळात पोथ्यांमधली छोटी चित्रं रंगवताना डिंकही वापरायचे. बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यात भिजवा, गाळा, त्यात तोच गेरू कालवा.

आणि निळा. निळ्याची गोष्ट सांगाच. सगळ्यात भारी निळा म्हणजे अल्ट्रामरीन, तो लापिस लाझुली नावाच्या दगडापासून करायचे आणि तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा, तिथून व्यापाऱ्यांच्या हातांतून व्हेनिसपर्यंत. म्हणून येशूची आई मेरी, तिचा झगा निळा रंगवायचा, सगळ्यात महाग रंग सगळ्यात आदराच्या व्यक्तीला. आपल्याकडे कपड्यांना घालायची जुन्या पद्धतीची पावडर नीळ मिळाली तर ती बघायला आणा, ती बहुतेक याच रंगाची कारखान्यात बनवलेली आवृत्ती असते. कारखान्यातला हा रंग एकोणिसाव्या शतकात आला आणि एकदम स्वस्त झाला.

चित्र भिंतीवर कसं उतरवायचे

मुलं हमखास विचारतात की एवढं मोठं चित्र भिंतीवर सरळ कसं काढलं, खोडरबर होतं का. उत्तर करून दाखवा. साध्या कागदावर चित्र काढा, कागद जाड टॉवेलवर ठेवून रेषांवर टाचणीने जवळजवळ भोकं पाडा, मग तो कागद कार्डशीटवर टेपने चिकटवा आणि कोळशाची पूड फडक्याच्या पुरचुंडीत बांधून वरून थोपटा. कागद उचलला की खाली ठिपक्यांचं चित्र. आपल्याकडे दिवाळीत उदबत्तीने भोकं पाडलेल्या कागदावरून रांगोळीचे ठिपके पाडतात, अगदी तेच. राफाएलच्या "स्कूल ऑफ अथेन्स"चा तयारीचा प्रचंड कागद मिलानच्या आम्ब्रोसियाना संग्रहालयात अजून आहे, त्यावर टोचलेली भोकं आहेत. फोटो दाखवा.

ओल्या गिलाव्यावर रंगवायची गंमतही करता येते पण चुना मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेला तर फार वाईट. त्याऐवजी पीओपी प्लास्टिकच्या झाकणात ओतून ठेवा (मोठ्यांनीच कालवायचं, घट्ट होताना गरम होतं, त्यात हात बुडवायचा नाही) आणि घट्ट झालं पण अजून ओलसर आहे तेव्हा वॉटरकलरने रंगवायला सांगा. रंग आत मुरतो, खोडता येत नाही. म्हणून खरे चित्रकार दिवसभरात संपेल तेवढाच गिलावा सकाळी लावायचे.

रोममधल्या सिस्टीन चॅपेल या पोपच्या प्रार्थनाघराच्या छतासाठी बऱ्याच ठिकाणी मुलांना टेबलाखाली उताणं झोपवून चित्र काढायला लावतात. मजा येते, पण मायकेलअँजेलो झोपून रंगवत नव्हता. परांचीवर, म्हणजे बांधकामाच्या मचाणावर, उभा राहून मान मागे टाकून रंगवायचा, १५०८ ते १५१२, आणि या त्रासावर त्याने एक कविता लिहून शेजारी स्वतःचं उभं राहून रंगवतानाचं छोटं चित्रही काढलंय. तर कागद मुलाच्या डोक्यावर, हात वर करून पोहोचेल इतक्या उंचीवर, आडव्या फळीला खालून चिकटवा आणि उभ्यानेच काढू द्या. पाच मिनिटांत मान दुखते.

खिडकीतून चित्र

मुलाला खिडकीसमोर स्टुलावर बसवा, एक डोळा बंद, डोकं हलवायचं नाही, आणि व्हाइटबोर्ड मार्करने काचेवर बाहेर दिसतं तेच गिरवायचं. समोरची बिल्डिंग, रस्ता, विजेचे खांब. डोकं हललं की सगळं बिघडतं म्हणून हनुवटी टेकवायला पुस्तकांची थप्पी द्या. काचेवरचं चित्र तयार झालं की मुलांना दिसतं की लांबचा खांब जवळच्या खांबाच्या पावपट आहे, आणि रस्त्याच्या दोन्ही कडा एका जागी जाऊन भेटतात. हे इटलीतल्या फ्लोरेन्समध्ये ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुकाराने आरसा आणि भोक पाडलेली फळी घेऊन लोकांना दाखवलं होतं, आणि १४३५ मध्ये आल्बेर्तीने त्याचे नियम लिहून काढले.

पक्कं करायचं असेल तर लास्ट सपरचा प्रिंट घ्या, छतावरच्या चौकोनांच्या रेषांवर आणि भिंतीवरच्या पडद्यांच्या वरच्या कडांवर दोरे ताणून चिकटवा. सगळे दोरे येशूच्या डोक्यापाशी एकत्र येतात. भिंतीवर तिथेच खिळ्याचं भोक सापडलंय. लिओनार्दोनेही दोराच ताणला असणार हे मुलं स्वतःच म्हणतात, तुम्हाला सांगावं लागत नाही.

तेव्हाची मुलं: एक अनाथाश्रम आणि एक करारपत्र

दहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी हे ठेवा. फ्लोरेन्समध्ये सोडून दिलेल्या बाळांसाठी एक आश्रम बांधला होता, ओस्पेदाले देग्ली इनोचेंती, ब्रुनेलेस्कीने १४१९ मध्ये काम सुरू केलं. पहिलं बाळ ५ फेब्रुवारी १४४५ ला आलं, मुलगी होती, तिचं नाव ठेवलं आगाता स्मेराल्दा. हे नाव मुलांना नक्की सांगा. तिच्या वयाच्या मुलीचं पुढे काय झालं असेल यावर बोला. त्या इमारतीच्या कमानींच्या वर निळ्या गोलांत पांढरी, कापडात गुंडाळलेली बाळं आहेत, आंद्रेआ देल्ला रोब्बियाने केलेली. मातीच्या थाळीवर तसं बाळ करायला सहा वर्षांचं पोरही तयार होतं.

याच आश्रमासाठी गिरलांदाओने एक मोठं चित्र काढलं, तीन राजे बाळ येशूला भेटायला येतात ते. त्याचं १४८५ चं करारपत्र शिल्लक आहे आणि ते मुलांना वाचून दाखवण्यासारखं आहे. त्यात लिहिलंय की चित्र त्याने स्वतःच्या हाताने रंगवायचं, तीस महिन्यांत द्यायचं, निळा रंग औंसाला साधारण चार फ्लोरिन (फ्लोरेन्सचं सोन्याचं नाणं) किमतीचा अल्ट्रामरीनच हवा, आणि एकूण मोबदला ११५ फ्लोरिन. निळ्याची गोष्ट आधी झालेली असल्यामुळे मुलं इथे एकदम सावध होतात. मग त्यांना आई-बाबांबरोबर असंच करारपत्र करू द्या: चित्रात काय असेल, कुठले रंग, किती दिवस, उशीर झाला तर काय, आणि पैशाऐवजी काय मिळणार. सह्या दोघांच्या. आणि मग तारखेला चित्र मागा, सोडून देऊ नका.

या गिरलांदाओच्या कारखान्यात १४८८ मध्ये तेरा वर्षांचा एक मुलगा कामाला लागला, तो मायकेलअँजेलो. लिओनार्दो असाच वेरोक्कियोकडे शिकला, गुरूच्या चित्रात त्याने रंगवलेला देवदूत आजही उफीत्सी गॅलरीत बघायला मिळतो. म्हणजे मोठमोठी चित्रं ही बऱ्याचदा एका माणसाची नव्हती, कोणी रंग वाटायचं, कोणी आकाश भरायचं, कोणी कपडे, चेहरे उस्ताद करायचा. पाच-सहा मुलं असतील तर एकच मोठं चित्र अशी कामं वाटून करा आणि दर अर्ध्या तासाने कामं बदला, भांडणं होतील, होऊ द्या.

आणि जर्मन चित्रकार ड्यूररचं तेराव्या वर्षीचं स्वतःचं चित्र, १४८४ चं, आरशात बघून चांदीच्या टोकाने काढलेलं, ते खोडता येत नाही. मुलांना आरसा आणि बॉलपेन द्या. खोडरबर नाही, दुसरा कागद नाही. तेरा वर्षांच्या मुलांवर याचा जो परिणाम होतो तो बघण्यासारखा असतो, एरवी मोबाईलमधून मान वर न काढणारा पोरगा अर्धा तास स्वतःच्या भुवईवर अडकून बसला होता.

गोव्याहून निघालेला गेंडा

आमच्याकडे सगळ्यात हिट झालेली गोष्ट ही. गुजरातचा सुलतान मुझफ्फर शाह दुसरा याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला, अल्बुकर्कने तो पोर्तुगालचा राजा मॅन्युएलला पाठवायचं ठरवलं. जानेवारी १५१५ मध्ये जहाज गोव्याहून निघालं आणि २० मे ला लिस्बनला पोचलं. रोमन काळानंतर युरोपात कुणी जिवंत गेंडा पाहिलेला नव्हता, नुसती झुंबड उडाली. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावून पाहिली, हत्ती पळून गेला. मग त्याने गेंडा पोपला भेट म्हणून पाठवला, पण वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं आणि साखळीने बांधलेला असल्यामुळे बिचारा गेंडा वाचला नाही. इथे मुलं गप्प होतात, थोडा वेळ थांबा.

तिकडे न्युरेम्बर्गमध्ये ड्यूररच्या हाती कुणाचं तरी पत्र आणि एक कच्चं रेखाटन आलं. गेंडा त्याने कधीच बघितला नाही. तेवढ्यावरून त्याने लाकडावर कोरून छापायचं चित्र तयार केलं आणि ते इतकं चाललं की पुढे दोन-अडीचशे वर्षं युरोपातल्या पुस्तकांत गेंडा म्हणजे हाच.

आता खेळ. चित्र दाखवायचं नाही. एका मुलाला गेंड्याचा खरा फोटो द्या, त्याने फक्त तोंडाने वर्णन करायचं, गेंडा हा शब्द न वापरता, आणि बाकीच्यांनी ऐकून काढायचं. सगळ्यांचं झालं की ड्यूररचं चित्र काढा बाहेर. आता मुलांना त्याच्या चुका शोधू द्या, पाठीवर मानेजवळ एक जास्तीचं छोटं शिंग, चिलखतासारखे पत्रे, पायांवर खवले. आणि मग विचारा की याला चुका म्हणायच्या का. माझ्या मते हा अख्ख्या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण बघितलेलं आणि ऐकलेलं यातला फरक तेव्हाची माणसं कशी शिकत होती ते यात दिसतं, आणि हा गेंडा आपल्याकडून गेलेला असल्यामुळे रेनेसान्स म्हणजे फक्त तिकडचं काहीतरी असंही मुलांना वाटत नाही.

मुलींनी विचारलं तर (आणि नाही विचारलं तरी)

बायका चित्रकार नव्हत्या का? होत्या, थोड्या, आणि त्यांना अडचणी खूप. क्रेमोना गावची सोफोनिस्बा आंग्विस्सोला, तिने १५५५ मध्ये स्वतःच्या बहिणी बुद्धिबळ खेळताना रंगवल्या, एक जिंकलीय, एक हात वर करून काहीतरी म्हणतेय, धाकटी खुदकन हसतेय. बहिणी असणाऱ्या घरात हे चित्र लगेच कळतं. बुद्धिबळ आपल्याकडून इराण-अरबस्तानमार्गे तिकडे गेलं, आणि पंधराव्या शतकाच्या शेवटी शेवटी युरोपात वजिराच्या जागी असलेल्या राणीला आजच्यासारखी लांब लांब चाल मिळाली, पट समोर ठेवून हे सांगा. सोफोनिस्बाने हसणाऱ्या मुलीचं रेखाटन केलं होतं, मायकेलअँजेलो म्हणाला की रडणारा मुलगा काढणं जास्त अवघड, तर तिने बोटाला खेकड्यासारखा प्राणी चावलेला आपला धाकटा भाऊ काढून पाठवला. भावंडांना एकमेकांचे रडके चेहरे काढायला सांगा, प्रत्यक्ष रडवायचं नाही एवढीच अट.

फ्लोरेन्समध्ये १४२५ पासून मुलींच्या हुंड्यासाठी सरकारी ठेव योजना होती, बाप मुलगी लहान असताना पैसे ठेवायचा आणि लग्नाच्या वेळी वाढून मिळायचे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींसमोर हे ठेवा, त्यांच्याकडे बोलायला भरपूर असतं.

जेवण

एक वेळचं जेवण टोमॅटो, बटाटा, मिरची, मका, ढोबळी मिरची आणि चॉकलेट यातलं काहीही न वापरता करायचं. हे सगळं अमेरिकेतून आलं, कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचल्यानंतर, त्यामुळे लिओनार्दो लहान असताना इटलीत पिझ्झावर टोमॅटो नव्हता आणि आपल्याकडे ठेच्यात मिरची नव्हती. मिरी, दालचिनी, लवंग, आलं, केशर, बदाम, साखर चालेल. मेनू मुलांनाच ठरवू द्या.

अवघड प्रश्न

डेव्हिडचा पुतळा आणि चित्रांतली प्रेमाची देवी व्हीनस नागडे आहेत, मुलं खिदळणार. दटावू नका, फोटो कापून झाकूही नका. शांतपणे सांगा की त्यांना जुनी ग्रीक-रोमन शिल्पं आवडायची, आणि शरीरातला प्रत्येक स्नायू नीट बघून काढणं हे मोठं कौशल्य मानायचे. दोन मिनिटांत खिदळणं थांबतं.

चित्रांतल्या गोष्टी बहुतेक बायबलमधल्या असतात. आपण जशा पुराणातल्या गोष्टी सांगतो तशाच सांगा, श्रद्धेने मानणाऱ्यांचा मान ठेवून. गोष्ट माहीत नसेल तर चित्र अर्धंच दिसतं.

आणि मोठ्या मुलांपासून दुसरी बाजू लपवू नका. अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा जिंकला तेव्हा कत्तल झाली. १५६० मध्ये ब्रूगेल मुलांचे खेळ रंगवत होता, त्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं. १५५६ मध्ये भारतातला पहिला छापखानाही गोव्यातच आला. एका कागदावर रेघ ओढून ही सालं मुलांना स्वतःला मांडू द्या, वर युरोप, खाली आपल्याकडचं. कुठलं चांगलं कुठलं वाईट हे तुम्ही लगेच सांगून टाकू नका, त्यांना एकमेकांशी वाद घालू द्या.

गोव्याला जाणार असाल तर

बीचवरून एक सकाळ काढून ओल्ड गोव्याला जा. बॉम जीझस बेसिलिका १५९४ ते १६०५ मध्ये बांधलेली, दर्शनी भागावर खालून वर मजले मोजायला लावा, खांबांची डोकी प्रत्येक मजल्यावर वेगळी आहेत का ते बघायला सांगा. आत सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे तो फ्लोरेन्सच्या शिल्पकाराने, फॉज्जिनीने केलेला, मेदिची घराण्याच्या कोझिमो तिसऱ्याने भेट दिलेला, १६९८ मध्ये इथे बसवला. म्हणजे रेनेसान्स संपून गेल्यावरचा, पण घराणं तेच ज्यांनी फ्लोरेन्समध्ये चित्रकारांना पोसलं. जवळच सेंट कॅजेटन चर्च आहे, सतराव्या शतकातलं, रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर इटालियन धर्मगुरूंनी बांधलेलं. मोबाईलवर सेंट पीटर्सचा फोटो काढून मुलांच्या हातात द्या आणि काय सारखं, काय वेगळं ते वहीत रेखाटून घ्या. सकाळी लवकर पोचा, नंतर ऊन तापतं आणि टूर बसेस येतात. आत प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा, आणि वही-पेन्सिल प्रत्येकाची वेगळी घ्या, एकीवरून भांडणं होतात.